तेलापाण्याचे सख्य जमविणारे लेसिथिन

घट्ट झाकणाच्या दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत अर्धी वाटी पाणी आणि दोन चमचे गोडेतेल घाला. दुसऱ्या बाटलीत त्याखेरीज अंड्यातील पिवळा बलक अर्धा चमचा घाला. आता दोन्ही बाटल्या दोन मिनिटे जोरजोराने हलवा, टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि काय होते ते पाहा.

पहिल्या बाटलीत तेलाचे थेंब वर धावतात, एकमेकांना भेटून मोठे होतात आणि थोड्याच वेळात तेलाचा पिवळा थर पाण्यावर पूर्ववत तरंगू लागतो. दुसऱ्या बाटलीतील मिश्रण मात्र दुधासारखे अपारदर्शक झालेले दिसेल. काही वेळाने तिच्यातही वर सायीसारखा दाट थर जमेल, पण तो सुट्या तेलाचा नसेल. बाटली दोनचार वेळा हळूच कलती केली की तो थर खालच्या पाण्यात पुन्हा मिसळून जाईल. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांनी बलकाऐवजी सोयाबीनचे अगदी बारीक पीठ चमचाभर वापरून पाहावे. परिणाम तितका ठळक नसतो, पण फरक दिसतो.

अशा मिश्रणाला शास्त्रीय परिभाषेत पायस म्हणतात. पयस् म्हणजे दूध. इंग्रजीतील इमल्शन हा शब्दही 'दूध काढणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. दोन्हीकडे दुधाचीच आठवण व्हावी यात नवल नाही, कारण माणसाच्या सर्वांत जुन्या ओळखीचे पायस म्हणजे दूधच होय. पायस तयार करण्यास मदत करणारा आणि ते टिकवून धरणारा पदार्थ म्हणजे पायसीकारक. बलकातील असा एक पदार्थ लेसिथिन या नावाने ओळखला जातो. तेओदोर निकोला गोब्ले या फ्रेंच औषधनिर्मात्याने १८४० च्या दशकात तो बलकातून वेगळा केला आणि १८५० मध्ये, बलक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्याला हे नाव दिले. बिस्किटांपासून भूल देण्याच्या औषधापर्यंत लेसिथिन आज अनेक ठिकाणी वापरले जाते. इतकेच काय, तुम्ही हे वाक्य वाचत असताना तुमच्या छातीतही ते काम करीत आहे. त्या कामाकडे आपण शेवटी वळू. ते नीट समजण्यासाठी आधी तेलाच्या थेंबाचा हिशेब मांडला पाहिजे.

थेंबाचा हिशेब

तेल आणि पाणी यांचे वैर आहे, असे सांगण्याची पद्धत आहे. ते तितकेसे बरोबर नाही. तेलाच्या रेणूंना पाण्याच्या रेणूंचे थोडेफार आकर्षण असतेच. खरी अडचण अशी की, पाण्याचे रेणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूंना किंचित धन विद्युत्‌भार असतो. त्यामुळे प्रत्येक रेणू शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी बांधलेला असतो. तेलाच्या लांबलचक रेणूत विद्युत्‌भाराची अशी विभागणी जवळजवळ नसते. त्याला आत जागा द्यायची तर पाण्याला आपली बसलेली घडी विसकटावी लागते, आणि बदल्यात मिळत काहीच नाही. म्हणून दोहोंमधील सीमेचे पृष्ठ, म्हणजे आंतरपृष्ठ, जितके लहान तितके ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे. हे पृष्ठ ताणलेल्या रबरी पडद्याप्रमाणे सतत आकसू पाहते. थेंब गोल असतो तो याच कारणाने, कारण दिलेल्या घनफळासाठी सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचे असते.

आता कागद-पेन्सिल घ्या. मोठा चमचाभर, म्हणजे १५ घन सेंटिमीटर तेलाचा एकच गोल थेंब केला, तर त्याची त्रिज्या सुमारे १.५ सेंटिमीटर आणि पृष्ठफळ सुमारे २९ चौरस सेंटिमीटर भरेल. हेच तेल फेटून ५ मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत विभागले तर काय होईल? (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन.) थेंबांची संख्या होईल सुमारे २३ हजार कोटी. ती मोजत बसण्याचे कारण नाही. गोलाच्या पृष्ठफळाला घनफळाने भागले की ६ ÷ व्यास एवढेच उरते, म्हणून एकूण पृष्ठफळ = ६ × १५ ÷ ०.०००५ = १,८०,००० चौरस सेंटिमीटर. हे झाले १८ चौरस मीटर. सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा खोलीची सगळी फरशी! चमच्यातले तेल तेवढेच राहिले, पण त्याची सीमा सहा हजार पटींनी वाढली.

एवढे पृष्ठ निर्माण करावयास ऊर्जा किती लागेल? खाद्यतेल आणि पाणी यांच्यामधील ताण साधारणतः ०.०२५ न्यूटन प्रति मीटर धरू. त्याला १८ ने गुणले की उत्तर येते ०.४५ ज्यूल. एक लहानसे अंडे टेबलाइतके उंच उचलण्यास एवढीच ऊर्जा पुरते. वर्गात हे उदाहरण घातले की बरेच विद्यार्थी दशांश चिन्ह चुकले असे समजून पुन्हा आकडेमोड करतात. चिन्ह बरोबर असते. मग फेटताना हात का भरून येतो? कारण आपण खर्च केलेली बहुतेक सर्व ऊर्जा द्रव ढवळण्यात जाऊन शेवटी उष्णता बनते. प्रत्यक्ष थेंब फोडण्याच्या कामी तिचा अगदी लहानसा अंश येतो. शिवाय थेंब जितका बारीक होत जातो तितका तो फोडावयास कठीण असतो. त्याच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो आणि हा जादा दाब = २ × ताण ÷ त्रिज्या. त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट. हे सूत्र लाप्लास यांच्या नावाने ओळखले जाते. ते वहीत चौकट करून लिहून ठेवा. पुढे ते एका जीवनमरणाच्या प्रश्नात पुन्हा भेटणार आहे.

तात्पर्य, थेंब करणे महाग नाही. ते टिकविणे अवघड. दोन थेंब एकमेकांना भिडून एक झाले की पृष्ठ कमी होते, ऊर्जा वाचते, आणि निसर्ग अशी बचत सोडत नाही.

दोन स्वभावांचा रेणू

येथे लेसिथिनचे काम सुरू होते. त्याच्या रेणूचा कणा ग्लिसरॉलचा असतो. तेलाच्या रेणूतही ग्लिसरॉलच असते आणि त्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. लेसिथिनमध्ये साखळ्या दोनच. तिसऱ्या जागी फॉस्फेट गट आणि त्याला जोडलेले कोलीन असते. फॉस्फेटवर ऋण भार, कोलीनवर धन भार. म्हणजे हे टोक विजेच्या दृष्टीने पाण्याच्या रेणूंसारखेच दुध्रुवी आणि म्हणून पाण्यात रमणारे. या टोकाला डोके म्हणू आणि दोन साखळ्यांना शेपट्या म्हणू. डोके जलस्नेही, शेपट्या जलविरोधी. असा रेणू निव्वळ पाण्यात किंवा निव्वळ तेलात एकटा फिरत राहणे पसंत करीत नाही. त्याची हक्काची जागा एकच, ती म्हणजे दोहोंची सीमा. तेथे तो शेपट्या तेलात आणि डोके पाण्यात ठेवून उभा राहतो.

असे असंख्य रेणू थेंबाभोवती खेटून उभे राहिले की दोन गोष्टी घडतात. पाण्याला आता तेल दिसतच नाही, दिसतात ती डोकी. त्यामुळे आंतरपृष्ठाचा ताण पुष्कळच उतरतो आणि थेंब बारीक करणे सोपे जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोन थेंब जवळ आले तरी त्यांच्यामध्ये डोक्यांचे आणि त्या डोक्यांना चिकटलेल्या पाण्याचे कुंपण असते. ते मोडल्याशिवाय तेल तेलाला भेटू शकत नाही.

कुंपणाला माल किती लागतो, हाही हिशेब करता येतो. लेसिथिनचा एक रेणू सीमेवर सुमारे ०.६५ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. यावरून आपली १८ चौरस मीटरची खोली झाकावयास सुमारे ३६ मिलिग्रॅम लेसिथिन पुरते. मोठ्या अंड्याच्या बलकात ते सव्वा ग्रॅमाच्या आसपास असते. म्हणजे एका बलकातील लेसिथिन, निदान कागदावर तरी, तीस-पस्तीस मोठे चमचे तेल सांभाळू शकते. मात्र बलकाचे सगळे श्रेय लेसिथिनला देणे अन्यायाचे होईल. बलकात ते बरेचसे प्रथिनांशी जोडलेल्या बारीक कणांच्या रूपात असते. ही प्रथिनेही थेंबाच्या पृष्ठाला चिकटतात आणि कुंपणाला दणकटपणा देतात. सोयाबीनच्या पिठातही असेच घडते.

परदेशी खाद्यपदार्थांबरोबर आपल्याकडेही रुळलेले मेयोनीज हे या युक्तीचे टोकाचे उदाहरण. बलक, थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, आणि फेटत फेटत थेंबाथेंबाने घातलेले तेल. एवढ्यावर तो पदार्थ चमच्याने उचलला तर उभा राहील इतका घट्ट होतो. दोन पातळ द्रवांपासून घट्ट पदार्थ कसा बनला? सारख्या आकाराच्या गोट्या कितीही नीट रचल्या तरी डब्याच्या ७४ टक्क्यांहून अधिक जागा त्या व्यापू शकत नाहीत. मेयोनीजमध्ये तेलाचे प्रमाण बहुधा याच्या जवळपास असते, कधी ८० टक्क्यांपर्यंतही जाते. वेगवेगळ्या मापाचे थेंब असल्याने लहान थेंब मोठ्यांच्या फटीत बसतात, काही दबून चपटतात, आणि गर्दीच्या लोकलमधील उतारूंप्रमाणे कोणालाच हलता येत नाही. तेल घाईने ओतले तर मात्र थेंब नीट होण्याआधीच तेल तेलाला मिळते आणि मिश्रण फुटते.

फुटण्याची हीच क्रिया आपल्या घरांत मुद्दाम घडवून आणली जाते, आणि आपण तिला ताक घुसळणे म्हणतो. दुधातील स्निग्धांशाच्या गोळ्या तीनचार मायक्रॉन व्यासाच्या असतात. त्यांच्याभोवती प्रथिने आणि लेसिथिनसारखी फॉस्फोलिपिडे यांचे नाजूक आवरण असते. रवीच्या धक्क्यांनी आणि आत शिरणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांनी हे आवरण फाटते, गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि लोणी वर येते. उन्हाळ्यात लोणी धरत नाही तेव्हा गार पाणी घालतात. त्यामागेही शास्त्र आहे. स्निग्धांश थोडासा गोठलेला असेल तरच गोळ्यांचे नीट गठ्ठे बनतात. लोण्यात पाहा, सगळे उलटे झालेले असते: दुधात पाण्यामध्ये स्निग्धांशाचे थेंब होते, येथे स्निग्धांशामध्ये पाण्याचे थेंब आहेत. कढविताना लोणी तडतडते ते याच पाण्यामुळे.

कारखान्यात

बाजारातील लेसिथिन मुख्यतः सोयाबीनपासून येते; सूर्यफुलापासूनही काढतात. लातूरकडच्या मुलांना सोयाबीनचे शेत नवे नाही. या दाण्यातून काढलेल्या कच्च्या तेलात दोनतीन टक्के फॉस्फोलिपिडे असतात. ती तशीच ठेवली तर तेल गढूळ होते आणि तळाशी चिकट गाळ बसतो. म्हणून तेल गरम करून त्यात थोडेसे पाणी घालतात. फॉस्फोलिपिडांची डोकी पाणी धरतात, रेणू फुगून जड होतात आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तेलापासून निराळे होतात. तो गोंदासारखा भाग वाळविला की तपकिरी, मधासारखे दाट लेसिथिन मिळते. तेल शुद्ध करताना निघणारी ही अडगळ पुढे स्वतंत्र विक्रीचा माल बनली.

चॉकलेटच्या किंवा बिस्किटाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'इमल्सिफायर (३२२)' असे लिहिलेले दिसेल. ३२२ हा लेसिथिनचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. शेजारी हिरवा ठिपका असेल तर ते अंड्यातील नाही, असे समजावे. चॉकलेटची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात पाणी जवळजवळ नसतेच, मग पायस कसले? तेथे लेसिथिनची डोकी साखरेच्या कणांना चिकटतात आणि शेपट्या वितळलेल्या कोको बटरमध्ये राहतात. असे आवरण चढलेले कण एकमेकांवरून सहज सरकतात आणि मिश्रण साच्यात नीट वाहते. अर्ध्या टक्क्याहूनही कमी लेसिथिन यासाठी पुरते. हाच परिणाम साधण्यास कोको बटर त्याच्या सुमारे दहापट घालावे लागते. कोको बटर महाग असल्याने कारखानदारांचे लेसिथिनवर प्रेम का, हे सांगायला नको. अंगाला लावण्याच्या काही मलमांत आणि क्रीममध्येही ते असते. तेथील तत्त्व बाटलीतल्या प्रयोगासारखेच. आणखी एक सांगून टाकतो. लेसिथिनच्या गोळ्यांनी स्मरणशक्ती वाढते, अशा जाहिराती अधूनमधून दिसतात. या दाव्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. आपले यकृत स्वतःच लेसिथिन बनविते आणि पित्तातून रोज आतड्यात सोडते. जेवणातील स्निग्धांशाचे बारीक थेंब करण्यास ते तेथे मदत करते.

शिरेतून

औषधांत थेंबाच्या आकाराला फार महत्त्व येते. तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रोग्याला शिरेतून साखरेचे पाणी देता येते, पण त्यातून मिळणारी शक्ती थोडी. तेलातून तेवढ्याच वजनात दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. पण तेल शिरेत तसेच सोडले तर? शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांचा व्यास ५ ते १० मायक्रॉन असतो. त्याहून मोठा थेंब तेथे बुचासारखा अडकेल आणि प्राणावर बेतेल. अनेक प्रयत्न फसल्यानंतर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल आणि बलकातील शुद्ध केलेली फॉस्फोलिपिडे यांपासून सुरक्षित पायस सिद्ध केले. त्यातील थेंब अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरतात ते प्रोपोफोल हे औषधही पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते अशाच पायसातील तेलात विरघळवून देतात. १०० मिलिलिटरमध्ये सोयाबीनचे तेल १० ग्रॅम आणि अंड्यातील लेसिथिन १.२ ग्रॅम असते. इंजेक्शनच्या नळीत ते दुधासारखे पांढरे दिसते, याचे कारण आता तुम्हाला ठाऊक आहे.

पहिला श्वास

आतापर्यंत सीमा होती ती तेल आणि पाणी यांची. पण शेपट्यांना तेलच हवे असते असे नाही. पाण्यापासून दूर राहता आले की झाले, हवाही चालते. म्हणून लेसिथिन पाणी आणि हवा यांच्या सीमेवरही तसेच उभे राहते: डोके पाण्यात, शेपट्या हवेत. आणि अशी सीमा आपल्या शरीरात एका फार नाजूक ठिकाणी आहे.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश आहेत. प्रत्येकाच्या आतून पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, म्हणजे प्रत्येक कोश जणू पाण्यातला एक बुडबुडा. आता चौकटीतले सूत्र काढा. शरीराच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ०.०७ न्यूटन प्रति मीटर. नवजात बाळाच्या वायुकोशाची त्रिज्या सोयीसाठी ०.०५ मिलिमीटर धरू. दाब = २ × ०.०७ ÷ ०.००००५ = २८०० पास्कल. सुमारे २८ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा हा दाब. एवढा जोर बाळाला केवळ कोश उघडे ठेवण्यासाठी लावावा लागेल, आणि तोही मिनिटाला ४० ते ६० श्वास घेत, इवल्याशा छातीच्या बळावर. शिवाय श्वास सोडताना कोश लहान होतो, त्रिज्या घटते आणि दाब आणखी वाढतो. कोश मिटलाच पाहिजे. तरीही आपण सगळे श्वास घेत आहोत. याचा अर्थ, तेथे शुद्ध पाणी नाही.

कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्येच हे जवळजवळ दाखवून दिले होते. फुप्फुस हवेने फुगविण्यापेक्षा द्रवाने भरण्यास पुष्कळ कमी दाब लागतो, असे त्यांना आढळले. द्रव भरला की हवा-पाण्याची सीमाच नाहीशी होते ना! पण त्यांच्या कामाकडे पाव शतक कोणी फारसे पाहिले नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड पॅटल आणि अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसातील या पृष्ठक्रियाशील पदार्थाचा स्वतंत्रपणे शोध घेतला. त्यात सुमारे ८० टक्के फॉस्फोलिपिडे असतात आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा लेसिथिनचा. कोश आकसतो तेव्हा सीमेवरचे हे रेणू एकमेकांवर दाबले जातात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर आणतात. सूत्रात त्रिज्या घटली, पण ताण तिच्याहून अधिक घटला; म्हणून कोश मिटत नाही.

हा पदार्थ बाळाच्या फुप्फुसात पुरेसा तयार होतो तो गर्भारपणाच्या साधारण ३४-३५ आठवड्यांनंतर. त्याआधी जन्मलेल्या बाळांपैकी कित्येक जन्मताच कण्हत, छाती आत ओढीत श्वास घेत आणि दोनतीन दिवसांत दगावत. त्यांच्या फुप्फुसांत काचेसारखे पापुद्रे आढळत, म्हणून तेच मृत्यूचे कारण असावे असा समज होता. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अशा बाळांच्या फुप्फुसांतील अर्काचा पृष्ठताण मोजला. तो खाली उतरतच नव्हता. पापुद्रे हा परिणाम होता. कारण होते ते लेसिथिनच्या त्या थराचा अभाव. या बाळांना प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाने घ्यावा लागत होता.

कारण कळले, पण उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसही पुरे न होता याच रोगाने गेला. त्या काळचे उत्तमोत्तम डॉक्टर आणि साधने हाताशी असूनही काही करता आले नाही.

तुम्ही म्हणाल, लेसिथिन हवे आहे ना? ते तर बलकात भरपूर आहे. शुद्ध करून द्यावे की! प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शेपट्यांत आहे. लेसिथिन हे एका रेणूचे नाव नसून एका कुटुंबाचे आहे. डोके सर्वांचे सारखे, शेपट्या निरनिराळ्या. बलकातील लेसिथिनची एक शेपटी बहुधा असंतृप्त, म्हणजे दुहेरी बंधापाशी वाकलेली असते. वाकड्या काठ्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तसे हे रेणू पुरेसे दाटीने उभे राहत नाहीत आणि दाब आला की थर ढासळतो. फुप्फुसातील मुख्य लेसिथिनच्या दोन्ही शेपट्या पामिटिक आम्लाच्या, सरळसोट असतात. म्हणून ते खेटून उभे राहते आणि ताण शून्याजवळ नेऊ शकते. ठीक, मग हेच सरळ शेपट्यांचे लेसिथिन प्रयोगशाळेत बनवून फवारावे. १९६० च्या दशकात तसे प्रयत्न झालेही, पण ते यशस्वी झाले नाहीत. ज्या गुणामुळे हा रेणू दाटीने उभा राहतो, तोच येथे आड आला. त्याचे थर सुमारे ४१ अंश सेल्सिअसच्या खाली मेणासारखे थिजलेले असतात, आणि शरीर असते ३७ अंशांवर. थिजलेला पदार्थ वायुकोशांच्या पृष्ठावर लवकर पसरत नाही, आणि बाळाला तर पुढचा श्वास एका सेकंदात घ्यायचा असतो. नैसर्गिक मिश्रणात इतर स्निग्ध पदार्थ आणि काही खास प्रथिने असतात. ती या रेणूंना झपाट्याने सीमेवर नेऊन पोहोचवितात.

दरम्यान इतर वाटांनी काम पुढे सरकत होते. लुईस ग्लक यांनी १९७१ मध्ये गर्भजलातील लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या दोन पदार्थांच्या प्रमाणावरून बाळाची फुप्फुसे तयार झाली आहेत की नाहीत, हे जन्माआधी ओळखण्याची चाचणी दिली. गुणोत्तर दोनच्या वर असले की डॉक्टर निश्चिंत होत. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी दाखविले की, मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचा धोका असलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाच्या फुप्फुसांची तयारी लवकर होते. आणि १९८० मध्ये जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून काढलेला, प्रथिनांचा अंश असलेला अर्क थोडी भर घालून दहा अकाली बाळांच्या श्वासनलिकेत सोडला. बाळांचा श्वास काही तासांतच सुधारला. १९९० च्या सुमारास अशी औषधे रुग्णालयांत सर्रास मिळू लागली, आणि आज आपल्याकडील नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतही ती वापरली जातात.

मात्रा असते बाळाच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम फॉस्फोलिपिडे. म्हणजे किलोभर वजनाच्या बाळाला एका बलकातील लेसिथिनच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा पदार्थही पुरतो. एखाद्या बाळाला दुसरी मात्रा द्यावी लागते. बहुतेकांच्या बाबतीत तीनचार दिवसांत बाळाच्या स्वतःच्या पेशी लेसिथिन तयार करू लागतात.